सवडीचा आवाज : अमेरिकेतील स्थानिक नभोवाणी, जॅझ संगीत आणि सामान्य माणसांच्या कहाण्या



गोव्यातील एका मराठी शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत अमेरिकेतील नभोवाणी केंद्रांचा आणि जॅझ संगीताचा इतिहास कशासाठी सांगावयाचा, असा प्रश्न आपल्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. स्मृतिव्याख्यान हा शेवटी स्मरणाचा विषय असतो. ज्यांनी लिहून ठेवले त्यांचे स्मरण ग्रंथांच्या आधारे करता येते. पण ज्यांनी आयुष्यभर काम केले, गायिले, वाजविले, सोसले आणि एक ओळही मागे ठेवली नाही, त्यांचे स्मरण समाजाने कशाच्या आधारे करावे? विसाव्या शतकात या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतील काही लहान, स्थानिक, लोकाश्रयावर चालणाऱ्या नभोवाणी केंद्रांनी दिले. ते अपुरे होते. तरीही त्यापासून आपणांस शिकण्यासारखे पुष्कळ आहे. जॅझच्या वाटेवर गोमंतकीयांची पावले उमटलेली असल्यामुळे हा विषय आपल्यालाही परका नाही.

१

जॅझ संगीताचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या प्रारंभी, मुख्यतः न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरी, कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये झाला. गुलामगिरीच्या काळातील श्रमगीते, ब्लूज, चर्चमधील समूहगान, रॅगटाइमचे पियानोवादन आणि मिरवणुकांतील पितळी वाद्यांचे बँड असे अनेक प्रवाह त्यात मिसळले. आपल्या श्रोत्यांना त्याचे मर्म सांगावयाचे तर ख्यालगायनाचा दाखला पुरेसा आहे. बंदिश सर्वांची असते, उपज मात्र गवयाची स्वतःची. जॅझमध्येही मूळ चाल ठरलेली असते आणि वादक तिच्यावर त्या क्षणी, त्या मैफलीत, स्वतःची रचना उभी करतो. ती कागदावर आधी नसते आणि नंतरही सहसा उतरत नाही.

म्हणूनच जॅझचा इतिहास लिहिणाऱ्यापुढे प्रारंभीच एक मोठी अडचण उभी राहते. न्यू ऑर्लिन्समधील जुने वादक ज्याला आद्य पुरुषाचा मान देत, तो बडी बोल्डन हा कॉर्नेटवादक १९०७ मध्ये मनोरुग्णालयात दाखल झाला आणि १९३१ मध्ये तेथेच वारला. त्याच्या वादनाची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. उलट जॅझची पहिली ध्वनिमुद्रिका म्हणून जी ओळखली जाते ती १९१७ ची असून ती गोऱ्या वादकांच्या ‘ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँड’ची आहे. किंग ऑलिव्हरसारख्या श्रेष्ठ कृष्णवर्णीय वादकाच्या बँडला ध्वनिमुद्रिकेसाठी १९२३ पर्यंत थांबावे लागले. केवळ उपलब्ध ध्वनिमुद्रिकांवरून कोणी इतिहास रचू लागला, तर ज्यांनी घर बांधले त्यांना सोडून ज्यांनी उंबरठा ओलांडला त्यांचेच नाव दारावर लागेल.

दुसरी अडचण काळाच्या मापाची. त्या काळच्या दहा इंची तबकडीत सुमारे तीन मिनिटांचे संगीत मावत असे. ही कैची आपल्याही परिचयाची आहे. गोव्याच्या सुरश्री केसरबाई केरकर यांची जी भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली, ती साडेतीन मिनिटांच्या आसपास संपते. बाई मैफलीत अशा थाटाने तीन मिनिटांत उठत नसत, हे सांगावयास नकोच. बाजाराने ठरविलेल्या मापात कला बसविली म्हणजे तिचा अर्क मिळू शकतो. पण तिचा श्वास मिळत नाही.

सामान्य माणसाच्या बोलण्याचेही असेच आहे. खाणीतला मजूर, दर्यावर्दी खलाशी किंवा स्वयंपाकघरात जन्म काढलेली बाई आपली हकीकत सांगू लागते, तेव्हा तिच्यापुढे तयार मजकूर नसतो. ती आडवाटेला जाते, थांबते, एखादी गोष्ट दोनदा सांगते आणि तिसऱ्यांदा सांगताना खरे बोलते. तिलाही बंदिश असते. विस्तार मात्र त्या क्षणीचा असतो. जॅझवादन आणि आत्मकथन या दोन्ही कला एकाच जातीच्या आहेत. दोन्हींना लेखणीपेक्षा कान अधिक लागतो, आणि दोन्हींना सवड लागते. या सवडीचा इतिहास हाच माझ्या व्याख्यानाचा विषय होय.

२

या दोन कला एकत्र कशा आल्या, याचे एक ठळक उदाहरण १९३८ मधील आहे, आणि त्याच्या मुळाशी नभोवाणीवर झालेला अन्याय आहे. त्या वर्षी ‘रिप्लेज बिलीव्ह इट ऑर नॉट’ या लोकप्रिय व्यापारी कार्यक्रमात डब्ल्यू. सी. हँडी यांचा परिचय जॅझचे जनक म्हणून करून देण्यात आला. न्यू ऑर्लिन्सचा पियानोवादक जेली रोल मॉर्टन त्या वेळी वैभव ओसरल्यावर वॉशिंग्टनमधील एका लहानशा क्लबात वाजवून गुजराण करीत होता. ती बातमी कळताच तो संतापला. जॅझ आपण १९०२ मध्ये निर्माण केले, असा दावा करणारी पत्रे त्याने प्रसिद्ध केली.

लोकगीतांचा संग्राहक ॲलन लोमॅक्स तेव्हा अवघ्या तेवीस वर्षांचा होता. मे १९३८ मध्ये त्याने मॉर्टनला अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या, कूलिज सभागृहात बोलाविले. मॉर्टन पियानोपुढे बसला. बोटे स्वरांवर फिरत राहिली आणि तो बोलत राहिला : बालपणाविषयी, जुगाराच्या अड्ड्यांविषयी, अंत्ययात्रांविषयी, कोणता वादक कोणाकडून काय शिकला याविषयी. ही बैठक एका दिवसात आटोपली नाही. त्या वर्षीचे सारे ध्वनिमुद्रण आठ तासांहून अधिक भरले. १९४१ मध्ये मॉर्टन वारला. लोमॅक्सने या कथनाच्या आधारे लिहिलेला ग्रंथ १९५० मध्ये निघाला. पण ते संपूर्ण ध्वनिमुद्रण सर्वसामान्य श्रोत्यांना मिळण्यास २००५ साल उजाडावे लागले.

मॉर्टनचा दावा इतिहासकारांना मान्य नाही. कोणतेही संगीत एका माणसाने एका वर्षी शोधून काढलेले नसते. मग या ध्वनिमुद्रणाचे मोल काय? मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रश्न नवा नाही. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत, १८९८ मध्ये, बखरींच्या विश्वसनीयतेची कठोर चिकित्सा केली आणि अस्सल कागदपत्रांना अग्रस्थान दिले. ते योग्यच होते. परंतु त्यामुळे बखरी टाकाऊ ठरल्या नाहीत. तारीख आणि तपशील यांच्या बाबतीत बखर चुकते. पण त्या काळच्या माणसाला स्वतःविषयी काय वाटत होते, कशाचा अभिमान होता, कशाची खंत होती, हे बखरीइतके दुसरे कोण सांगते? मॉर्टनचे कथन ही जॅझची बखर आहे. तिची पारख करावी लागते. पण पारख करण्यासाठी आधी ती असावी लागते.

३

लोमॅक्सजवळ सरकारी ग्रंथालय होते. नभोवाणीवर अशी सवड कोठून यावयाची? १९२० च्या नोव्हेंबरात पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने नियमित प्रक्षेपण सुरू केले. त्यानंतर अमेरिकेतील नभोवाणी फार लवकर जाहिरातदारांच्या हाती गेली. तेथे वेळ ही विकावयाची वस्तू झाली. विक्रीच्या वस्तूचे तुकडे जितके लहान, तितका नफा अधिक.

या व्यवस्थेला पहिली फट पडली ती १९४५ मध्ये. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने एफएम लहरींची नवी वाटणी केली, तेव्हा ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा पट्टा शैक्षणिक आणि बिगरव्यापारी केंद्रांसाठी राखून ठेवला. गावाने गायरान राखावे तसा हा निर्णय होता. गायरानात लगेच पीक येत नाही. पण ते राखले नाही तर पुढच्या पिढीच्या गुरांना उभे राहावयास जागा उरत नाही. पुढे जे काही घडले त्यातील बरेचसे या राखीव पट्ट्यात घडले.

१५ एप्रिल १९४९ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे केपीएफए हे केंद्र सुरू झाले. त्याचा संस्थापक लुईस हिल हा युद्धविरोधी विचारांचा मनुष्य होता. त्याने जाहिराती नाकारल्या, सरकारकडेही हात पसरला नाही, आणि श्रोत्यांनीच वर्गणी देऊन केंद्र चालवावे असा प्रघात पाडला. ऐकणे सर्वांना फुकट, आणि देणे ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकावर! व्यवहारी लोकांना ही कल्पना भाबडी वाटली असेल. पण ते केंद्र टिकले, आणि देशभरच्या अनेक केंद्रांनी तोच मार्ग धरला. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आपली वाचनालये, नाट्यमंडळे, शाळा आणि नियतकालिके अशाच वर्गण्यांवर उभी राहिली.

४

शिकागोमधील डब्ल्यूएफएमटी हे केंद्र १९५१ च्या अखेरीस सुरू झाले. काटेकोरपणे पाहता ते जाहिराती घेत असे. पण त्या मोजक्या असत आणि निवेदकाने स्वतः वाचूनच दाखवावयाच्या असत. पुढे त्याची मालकी शिकागोच्या लोकाश्रयी शैक्षणिक दूरचित्रवाणी संस्थेकडे गेली. या केंद्रावर १९५२ पासून १९९७ पर्यंत, म्हणजे पंचेचाळीस वर्षे, स्टड्स टर्केल या गृहस्थाने माणसांना बोलते केले.

टर्केल १९१२ मध्ये जन्मले. त्यांचे आईवडील शिकागोत भाडेकरूंना खोल्या देत. तेथे उतरणाऱ्या मजुरांच्या, बेकारांच्या, फिरस्त्यांच्या गप्पा ऐकत ते वाढले. १९३४ मध्ये त्यांनी शिकागो विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली. पण वकिली मात्र केली नाही. १९४५ च्या सुमारास ‘द वॅक्स म्युझियम’ या कार्यक्रमात ते जॅझ, लोकगीते आणि ऑपेरा यांच्या तबकड्या एकाच बैठकीत लावीत. उच्च आणि नीच, अभिजात आणि बाजारी, असे सोवळे-ओवळे त्यांनी पाळले नाही. जॅझवादकांची चरित्रे सांगणारे ‘जायंट्स ऑफ जॅझ’ हे त्यांचे पहिले पुस्तक १९५७ चे. सामान्य माणसांच्या कथनांची जी पुस्तके पुढे जगभर गाजली, त्यांच्या कितीतरी आधी त्यांनी जॅझविषयी लिहिले होते. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. एकाने स्वर छेडला तर दुसऱ्याने त्याला जागा द्यावयाची, मधे घुसावयाचे नाही, आणि त्याने टाकलेला धागा योग्य क्षणी उचलावयाचा, हा जॅझमधील साथीदाराचा धर्म होय. टर्केल यांची मुलाखतीची रीतही नेमकी तीच होती.

१९५० च्या सुमारास अमेरिकेत साम्यवादाच्या भयाने थैमान घातले. संशयितांच्या काळ्या याद्या तयार झाल्या. टर्केल यांनी वंशभेदाविरुद्धच्या आणि तत्सम निवेदनांवर सह्या केल्या होत्या. त्यांचा दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम बंद पडला. ज्या मोठ्या माध्यमांना लाखो प्रेक्षक आणि बडे जाहिरातदार होते, ती माध्यमे घाबरली. अशा माणसाला आसरा दिला तो एका नव्या, लहानशा, शहरापुरत्या नभोवाणी केंद्राने. गॉस्पेल गायिका माहेलिया जॅक्सन यांच्या तबकड्या टर्केल यांनी १९४० च्या दशकात आग्रहाने ऐकविल्या होत्या. त्यांनी स्वतः सांगितलेली हकीकत अशी की, पुढे एका मोठ्या प्रक्षेपण कंपनीने माहेलियाबाईंच्या कार्यक्रमात काम करण्यापूर्वी त्यांच्याकडून राजनिष्ठेच्या शपथपत्रावर सही मागितली, तेव्हा बाईच आडव्या आल्या. स्टड्स नसेल तर मीही नाही, अशी त्यांची भूमिका होती. कंपनीने माघार घेतली.

डब्ल्यूएफएमटीवर टर्केल यांच्यापुढे लेखक आले, शास्त्रज्ञ आले, आणि लुई आर्मस्ट्राँग, डिझी गिलेस्पी यांच्यासारखे वादकही आले. ‘डिव्हिजन स्ट्रीट : अमेरिका’ (१९६७), मंदीच्या काळातील आठवणींचा ‘हार्ड टाइम्स’ (१९७०), कष्टकऱ्यांचा ‘वर्किंग’ (१९७४) आणि दुसऱ्या महायुद्धाविषयीचा ‘द गुड वॉर’ (१९८४) हे त्यांचे ग्रंथ याच श्रवणसाधनेतून निपजले. शेवटच्या ग्रंथाला १९८५ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. ‘वर्किंग’मध्ये पोलाद कारखान्यातला मजूर आहे, उपाहारगृहातली वाढपी बाई आहे, कबरी खणणारा माणूसही आहे. आपल्या हातांतील कामाविषयी ही माणसे इतक्या विचाराने बोलू शकतात, याचे वाचकांना आश्चर्य वाटले. वस्तुतः आश्चर्य त्यांच्या बोलण्याचे नव्हते; इतके दिवस त्यांना कोणी विचारलेच नव्हते, याचे वाटावयास हवे होते.

टर्केल यांचे सुमारे ५,६०० कार्यक्रम आज शिकागो इतिहास संग्रहालयाकडे आहेत आणि २०१८ पासून त्यांतील पुष्कळसे इंटरनेटवर ऐकता येतात. केंद्राने फिती पुसल्या नाहीत, हे या घटनेचे खरे कारण. फीत महाग होती, ती पुन्हा वापरता येत होती, आणि कालचा कार्यक्रम पुसून त्यावर आजचा घेणे हा अनेक केंद्रांचा रिवाज होता. इतिहासाचे भवितव्य पुष्कळदा अशा एखाद्या कपाटाच्या किल्लीवर अवलंबून असते.

५

स्थानिक केंद्रांच्या या विखुरलेल्या प्रयत्नांना राष्ट्रीय आधार मिळाला तो ७ नोव्हेंबर १९६७ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सही केलेल्या सार्वजनिक प्रक्षेपण कायद्याने. मूळ योजना केवळ दूरचित्रवाणीसाठी होती. नभोवाणीचा समावेश त्यात बऱ्याच उशिरा, तिच्या कैवाऱ्यांच्या आग्रहामुळे झाला. या कायद्याने सरकारी निधी वाटणारे स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले आणि १९७० मध्ये नॅशनल पब्लिक रेडिओ ही संस्था निघाली.

या छत्राखाली जॅझला काय मिळाले, याची दोन उदाहरणे देतो. ‘जॅझ अलाइव्ह’ हा पियानोवादक बिली टेलर यांनी सादर केलेला प्रत्यक्ष मैफलींचा कार्यक्रम १९७७ ते १९८३ या काळात चालला. दुसरा अधिक दीर्घायुषी आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. तो निघाला न्यूयॉर्क वा शिकागोतून नव्हे, तर साउथ कॅरोलायना या दक्षिणेकडील लहान राज्याच्या शैक्षणिक नभोवाणीतून. ‘पियानो जॅझ’ हे त्याचे नाव. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या मेरियन मॅकपार्टलंड या बाई स्वतः उत्तम पियानोवादक. त्यांच्या शेजारी दुसऱ्या पियानोवर पाहुणा बसे. थोडे बोलणे, थोडे वाजविणे, पुन्हा बोलणे आणि मग दोघांचे सहवादन, असा तासभराचा क्रम असे. ध्वनिमुद्रण १९७८ मध्ये सुरू झाले. पहिल्या पाहुण्या मेरी लू विल्यम्स. त्या १९८१ मध्ये वारल्या. १९७८ मध्येच बिल एव्हन्स येऊन गेले; १९८० मध्ये तेही गेले. एखादी चाल आपण कशी मोडतो आणि कशी पुन्हा जुळवितो, हे एव्हन्स बोटे पियानोवर ठेवून समजावून सांगतात. मॉर्टनने ग्रंथालयाच्या सभागृहात जे केले, तेच चाळीस वर्षांनी घरोघरच्या रेडिओवर आले. हा कार्यक्रम २०११ पर्यंत, म्हणजे तीन दशकांहून अधिक काळ, बाईंनी चालविला.

स्थानिक केंद्रांपैकी दोनच सांगतो. न्यूअर्क शहरातील डब्ल्यूबीजीओ हे केंद्र आधी तेथील शाळामंडळाचे होते. १९७९ च्या सुमारास ते एका लोकाश्रयी संस्थेकडे आले आणि जॅझला वाहिलेले केंद्र म्हणून नावारूपाला आले. १९६७ च्या दंगलींनी होरपळलेल्या आणि बाहेरच्यांनी टाकून दिलेल्या शहराला त्याने अभिमानाने सांगण्याजोगा एक आवाज दिला. दुसरे केंद्र जॅझच्या जन्मभूमीतील. न्यू ऑर्लिन्सचे डब्ल्यूडब्ल्यूओझेड ४ डिसेंबर १९८० रोजी एका संगीतगृहाच्या माडीवर सुरू झाले. निवेदक बहुतांशी स्वयंसेवक. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅट्रिना वादळाने आणि बांध फुटून आलेल्या पुराने शहर बुडाले, माणसे दाही दिशांना पांगली, केंद्र मुके झाले. तेव्हा न्यू जर्सीतील दुसऱ्या एका लोकाश्रयी केंद्राच्या साहाय्याने त्याने इंटरनेटवरून ‘परागंदा’ प्रक्षेपण आरंभिले. घर उरले नव्हते. पण घरचा आवाज कानी पडत होता. स्थानिक नभोवाणीचा अर्थ यापेक्षा नेमका सांगणे कठीण आहे.

६

या इतिहासाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सवड ही नेहमीच धोक्यात असते, आणि धोका दर वेळी बाहेरूनच येतो असे नाही. १९८३ मध्ये नॅशनल पब्लिक रेडिओ दिवाळखोरीच्या कडेला पोहोचला. पुढील दशकांत अनेक केंद्रांच्या लक्षात आले की बातम्या आणि चर्चा यांना श्रोते अधिक मिळतात, वर्गणीही अधिक जमते. जॅझचे तास घटले, रात्री उशिरा ढकलले गेले. राजधानी वॉशिंग्टनमधील विद्यापीठाचे डब्ल्यूडीसीयू हे जॅझ केंद्र आर्थिक ओढाताणीमुळे १९९७ मध्ये सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरना विकले गेले आणि तेथील जॅझ थांबले. ज्या संस्थेने वारसा जपावयाचा, तिलाच कधी कधी घरातले सोने मोडावे लागते.

कहाण्यांचेही तसेच. २३ ऑक्टोबर २००३ रोजी न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात डेव्ह आयझे यांच्या ‘स्टोरीकोअर’ या प्रकल्पाची पहिली खोली उघडली. उद्घाटन केले ९१ वर्षांच्या स्टड्स टर्केल यांनी. रीत साधी होती. एकमेकांना ओळखणारी दोन माणसे आत बसतात, आई आणि मुलगा, दोन मित्र, नवराबायको, एक विचारतो, दुसरा सांगतो, चाळीस मिनिटे. ध्वनिमुद्रण लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जमा होते. येथे टर्केल यांचीही गरज उरली नाही. प्रत्येक जण दुसऱ्याचा टर्केल झाला. परंतु नभोवाणीवर जे ऐकविले जाते ते चाळीस मिनिटांतून निवडलेले काही मिनिटांचेच असते, आणि निवडीचा कल डोळ्यांत पाणी आणणाऱ्या क्षणाकडे झुकतो. तीन मिनिटांची तबकडी नव्या रूपाने परत येते ती अशी. समाधान एवढेच की उरलेली मिनिटे ग्रंथालयात सुरक्षित राहतात.

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या संसदेने सार्वजनिक प्रक्षेपणासाठीचे दोन वर्षांचे सुमारे १.१ अब्ज डॉलरचे मंजूर अनुदान मागे घेतले, आणि पुढच्याच महिन्यात १९६७ च्या कायद्याने जन्मलेल्या महामंडळाने आपले काम आवरते घेत असल्याचे जाहीर केले. मोठ्या शहरांतील केंद्रांना वर्गणीदार मिळतील. खेड्यापाड्यांतील केंद्रांची चिंता अधिक आहे. जो आधार सरकारने दिला तो सरकार काढून घेऊ शकते, हा त्यातील धडा. लुईस हिलने १९४९ मध्ये घातलेला श्रोत्यांच्या वर्गणीचा पाया म्हणूनच पुन्हा महत्त्वाचा ठरतो.

७

आता आपल्याकडे वळू. आपली आकाशवाणी जाहिरातदारांच्या नव्हे, तर सरकारच्या हाती होती. तिचे ऋण मोठे आहे. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री असलेले बा. वि. केसकर हे मराठी गृहस्थ. त्यांनी शास्त्रीय संगीताला राजाश्रय दिला, १९५४ मध्ये आकाशवाणी संगीत संमेलन सुरू केले. गवयाला तबकडीच्या तीन मिनिटांतून सोडवून त्याला सवड दिली. पण त्यांनीच चित्रपटगीतांना दूर सारले, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. लोकांसाठी काय चांगले ते वरून ठरविण्याच्या वृत्तीची ही मर्यादा होती. ‘कामगारसभे’सारख्या कार्यक्रमांनी कष्टकऱ्यांना जागा दिली हे खरे, तरी आकाशवाणीवरील भाषण हे प्रायः आधी लिहून मंजूर झालेले आणि मग वाचलेले असे. अलिखित बोलण्याला तेथे दरवाजा अरुंद होता.

लहान प्रक्षेपकाची शक्ती गोव्याला वेगळी सांगावयास नको. १९५५ ते १९६१ या काळात सीमेवरच्या रानांतून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी चालविलेल्या गुप्त नभोवाणीने कोंकणी आणि पोर्तुगीज भाषांतून मुक्तीचा संदेश दिला. एमिसोरा द गोवाच्या राजवटीपुढे ते केंद्र केवढे होते? पण ते आपल्या माणसांचे होते.

आणि जॅझ? गोव्यातील चर्चच्या परगण्याच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविले जाई. पोटासाठी ही मुले मुंबई, कलकत्ता, कराची, रंगून येथे गेली. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजला. पुढे टेडी वेदरफोर्ड आले, ते १९४५ मध्ये कलकत्त्यातच वारले. त्यांच्याबरोबर वाजविताना फ्रँक फर्नांड यांच्यासारख्या गोमंतकीय वादकांनी जॅझ आत्मसात केले. हळदोणे गावचे आंतोनियो वाझ ‘चिक चॉकलेट’ म्हणून नावाजले, भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणवले गेले, आणि सी. रामचंद्रांचे साहाय्यक झाले. ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस अशा किती जणांनी हिंदी चित्रपटसंगीताला वाद्यवृंद दिला! श्रेयनामावलीत मात्र बहुतेकांची नावे आली नाहीत. ग्रेगरी बूथ यांनी वादकांच्या मुलाखती घेऊन लिहिलेला ग्रंथ २००८ मध्ये, आणि नरेश फर्नांडिस यांचा मुंबईच्या जॅझवरील ग्रंथ २०१२ मध्ये निघाला. दोन्ही मोलाचे. पण चिक चॉकलेट १९६७ मध्येच गेले होते. आपल्या बडी बोल्डनांची कहाणी आपण कोणाला विचारणार?

ही गोष्ट केवळ जॅझवादकांची नाही. देवळातल्या गायिका, धालो आणि फुगडी घालणाऱ्या बाया, जहाजावरचे खलाशी, खाणकामगार, मुक्तिलढ्यात तुरुंगात गेलेले आणि ताम्रपट न मिळालेले कार्यकर्ते, आणि या शाळेत पंधरा रुपये पगारावरही मराठी शिकविणारे शिक्षक, या सर्वांना ती लागू पडते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ने साध्या बोलीतल्या आत्मकथनाचे सामर्थ्य मराठीला दाखविले, पण लक्ष्मीबाई लिहू शकल्या. न लिहिणाऱ्यांसाठी कानच हवा.

कायदाही आता आड येत नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये सेवाभावी संस्थांना सामुदायिक नभोवाणीची वाट मोकळी झाली. तेलंगणात २००८ पासून दलित शेतकरी स्त्रिया ‘संघम रेडिओ’ चालवीत आहेत. त्याच वर्षी आपल्या माणदेशात म्हसवड येथे ‘माणदेशी तरंग’ सुरू झाले. पण केंद्र हे पुढचे पाऊल; पहिले पाऊल त्याहून सोपे आहे आणि त्याला परवाना लागत नाही. एक माजी विद्यार्थी, एक वृद्ध माणूस, एक शांत खोली, चाळीस मिनिटे. आरंभी दोघांची नावे, गाव आणि तारीख आवाजातच नोंदवावी. सांगणाऱ्याची संमती घ्यावी. मधे बोलू नये. तो थांबला तर आपणही थांबावे. तो चुकीचे सन सांगेल, तर ते तेथेच दुरुस्त करू नयेत. पारख पुढे करता येते. कापलेली प्रत ऐकवावी, न कापलेली जपावी, आणि ती तीन ठिकाणी ठेवावी; त्यांतील एक ठिकाण शाळेचे ग्रंथालय असावे.

शाळामंडळाच्या एका केंद्रातून न्यूअर्कचे जॅझ देशभर गेले. आपल्या शाळेच्या ग्रंथालयात आज पुस्तकांची कपाटे आहेत. त्यांच्या शेजारी आवाजांचे एक कपाट असावे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा शब्द ऐकलेली माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांतील काही आज या सभागृहातच बसली आहेत. त्यांच्यापासूनच प्रारंभ करावा, आणि तो पुढच्या वर्षीच्या व्याख्यानापूर्वी करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.